कुलुपामागच्या दोन खोल्या

गेल्या वर्षीं उन्हाळ्यांतील गोष्ट. चिखलदऱ्याच्या शाळेंत मीं शिकविलेली एक कोरकू मुलगी पेढ्यांचा पुडा घेऊन घरीं आली. परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा करून तिनें अमरावतीच्या एका खाजगी रुग्णालयांत नोकरी मिळविली होती. पगार दरमहा बारा हजार रुपये. ‘बाई, शिक्षण संपलें, आतां वसतिगृहांत राहतां येणार नाहीं. खोली पाहायला माझ्याबरोबर याल?’ असें तिनें विचारलें. घाट उतरून परतवाडा, आणि तेथून पुढें अमरावती; रोज येऊन-जाऊन नोकरी करावी असें तें अंतर नव्हे, त्यांतून रात्रपाळी. मीं आनंदानें होकार दिला. अमरावतीस अंबापेठेंत सासऱ्यांनीं बांधलेलें आमचें घर आहे. तेथें सासूबाई, थोरले दीर व जाऊबाई राहतात. तेथें उतरावें आणि दिवसभर खोल्या पाहाव्या, असें ठरलें.

तीन दिवस आम्हीं राजापेठ, गाडगेनगर, बडनेरा पालथें घातलें. उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाडें नसावें, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे तिची मर्यादा चार हजारांची. बऱ्या खोलीला सहा हजार सांगत. शिवाय चार महिन्यांची अनामत व एक महिन्याचें भाडें दलालाला. पहिला पगार हातीं पडण्यापूर्वींच तीस हजार रुपये मोजावयाचे! दोन ठिकाणीं भाडें आवाक्यांतलें होतें. तेथें प्रश्न वेगळे आले. एकटी मुलगी कां? रात्रीं किती वाजतां येणार? आडनांव काय? आडनांव ऐकतांच एके ठिकाणीं खोली ‘कालच दिली’ असल्याचें घरमालकांना आठवलें. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनीं मला आंत बोलावून चहा दिला आणि हळूच म्हणाल्या, ‘तुमची मुलगी असती, तर गोष्ट वेगळी होती.’ त्या सुशिक्षित होत्या, सौजन्यानें बोलत होत्या. मला त्यांचा फार राग आला.

तिसऱ्या दिवशीं दिवेलागणीला आम्ही थकून परत आलों. जिन्याशीं थांबून मुलीनें तळमजल्यावरच्या बंद दाराकडे पाहिलें. ‘बाई, ह्या खोल्यांत कोण राहतें?’

‘कोणी नाहीं,’ मी म्हणालें. ती पुढें कांहीं बोलली नाहीं. मलाहि पुढें बोलवेना.

त्या रात्रीं झोप आली नाहीं. सारें शहर पायांखालीं घातलें, दुसऱ्यांच्या दारीं मनांतल्या मनांत न्यायनिवाडा केला. आणि आमच्याच घरच्या दोन खोल्या तीन दिवसांत मला एकदांहि आठवूं नयेत! विसर म्हणावा, तर कुलूप रोज डोळ्यांसमोर होतें. खरें असें कीं, त्या दाराशीं तिची सांगड घालावी हें माझ्या मनाला सुचलेंच नव्हतें. चहा देणाऱ्या बाईंत आणि माझ्यांत अंतर एवढेंच, कीं त्या उघड बोलल्या.

कुलुपाला इतिहास होता. एके काळीं त्या खोल्यांत भाडेकरू होते. वऱ्हाडांत तेव्हां १९४९ चा भाडेनियंत्रणाचा हुकूम चाले. भाडेनियंत्रकाच्या लेखी परवानगीवांचून घरमालकाला खोली सोडण्याची नोटीससुद्धां देतां येत नसे. मामंजींची कांहीं वर्षें कचेरीच्या पायऱ्या झिजविण्यांत गेलीं. खोल्या मोकळ्या झाल्या त्या दिवशीं त्यांनीं जें कुलूप घातलें, तें त्यांच्या मागेंहि तसेंच राहिलें.

सकाळीं मीं विषय काढला. भाऊजींना ती जुनी धास्ती होती. परंतु तो हुकूम केव्हांच गेला. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ अमलांत आहे. ठराविक मुदतीच्या लेखी व नोंदणीकृत परवान्यावर खोली दिली, तर मुदत संपतांच ती परत मागण्याचा सोपा मार्ग त्यांत आहे. नोंदणीची जबाबदारीहि घरमालकावरच आहे. आमच्या वकिलांनीं हें समजावून सांगितलें, तेव्हां भाऊजी राजी झाले.

सासूबाईंनीं एकच विचारलें, ‘तिच्या चुलीवर मांसमच्छी शिजेल ना?’

‘शिजेल,’ मी म्हणालें. ‘पण चूल तिची.’ त्या बराच वेळ माळ ओढीत बसल्या. होकार दिला नाहीं, नकारहि दिला नाहीं. करारांत आहाराविषयीं एक कलम घालावें असें जाऊबाईंनीं सुचविलें होतें. मसुद्यांत मीं तें लिहिलेंहि, आणि सहीपूर्वीं स्वतःच्या हातानें खोडलें.

भाडें साडेतीन हजार ठरलें. अनामत दोन महिन्यांची. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यांत तीच कमाल मर्यादा सुचविली आहे. अकरा महिने पुरे होतांच करार पुन्हा नोंदविला. भाडें पांच तारखेच्या आंत येतें. रविवारीं सासूबाई मागची खिडकी अद्यापहि लावून घेतात. पण रात्रपाळीहून मुलीला यावयास उशीर झाला, कीं ‘ती आली का?’ हेंहि त्याच विचारतात.

२०११ च्या जनगणनेंत देशाच्या नागरी भागांत सुमारें १ कोटी ११ लक्ष घरें रिकामीं आढळलीं. पुढच्याच वर्षीं सरकारी तज्ज्ञगटानें शहरांतील घरांची तूट सुमारें १ कोटी ८८ लक्ष धरली. सरकारनें स्वस्त घरें बांधावीं, हें खरेंच. परंतु त्या रिकाम्या घरांपैकीं कांहींचीं कुलुपें आपल्यासारख्यांच्याच किल्ल्यांच्या जुडग्यांत आहेत. वाचक बंधुभगिनींनीं आपलें जुडगें एकवार पाहावें. मला माझें पाहावयास तीन दिवस लागले, आणि तेंहि एका मुलीनें विचारलें म्हणून.