उन्हातली पाइपलाइन

बारवी धरणाचं पाणी नदीतून खाली येतं, जांभूळला एमआयडीसी ते उचलून शुद्ध करते. जीवन प्राधिकरण बदलापूरच्या बॅरेजवरून उल्हास नदीचं पाणी उचलतं. पुढचा प्रवास नळातून. नळ पुरलेला असेल तर त्याला माती सांभाळते. उघड्यावर आला की भानगडी सुरू.

पोलाद दर अंश सेल्सिअसला मीटरमागे 0.012 मिमी वाढतं. नळ 100 मीटर, फरक 30 अंशांचा, तर वाढ 36 मिमी. वाढूच दिलं नाही, तर 1 मीटर व्यासाचा नि 10 मिमी जाडीचा नळ दोन्ही टोकांना सव्वादोनशे टनांच्या जोराने रेटतो.

मातीतला नळही वाढू पाहतोच, पण माती त्याला धरून ठेवते आणि ताण पोलाद सोसतं. लोकलच्या रुळांचे सांधे वेल्ड करता आले, तेही स्लीपर-खडीच्या अशाच पकडीमुळे.

नळ पुलावरून नेला, तर पूलही वाढतो, पण नळाच्या वेळेला नाही. काँक्रीट जाड, सावकाश तापतं. नळाच्या आत नदीचं पाणी, त्यामुळे वाहता नळ जवळपास पाण्याइतकाच गार. म्हणून नळ पुलाला जागोजागी वेल्ड करणं हा शुद्ध आळस. एका जागी घट्ट धरा, बाकी रोलरवर सोडा आणि पुलाच्या सांध्यापाशी नळालाही एक्स्पान्शन जॉइंट द्या.

खरी परीक्षा शटडाउनची. मे महिना, बदलापुरात पारा चाळिशीपार, नळ रिकामा. पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. रात्री पाणी सोडलं की तोच नळ आकसतो. दुसऱ्या दिवशी जॉइंट गळला की शिव्या दुरुस्तीवाल्यांना! दर वेळी त्यांचा दोष नसतो.

एक्स्पान्शन जॉइंट म्हणून बेलो बसवला म्हणजे काम झालं, असंही नाही. तो लांबी सामावतो, पाण्याचा रेटा नाही. चौरस सेंटिमीटरमागे 6 किलोच्या दाबाला 1 मीटर व्यासाच्या नळात हा रेटा 47 टन. तो अँकर ब्लॉकनेच पेलायचा. हा काँक्रीटचा ठोकळा बिनकामाचा दिसतो, म्हणून काटकसरीची कुऱ्हाड आधी त्याच्यावर.

नाल्यावरून, गच्चीवरून नेलेला काळा एचडीपीई नळ पोलादाच्या दहापटीहून जास्त वाढतो. दुपारी तो नागमोडी झालेला दिसला, तर ताणून बांधू नका. रात्री आखडला की फिटिंगमधून निसटेल.