पायाखालचं प्लायवूड

शनिवारी पहाटे तीनला प्रॉडक्शनवरचं काम एकदाचं संपलं. अशा वेळी लगेच झोप लागत नाही, हे आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको. यूट्यूब चाळत बसलो होतो, तर एक जुना व्हिडिओ समोर आला. डोक्यावर काळी गोल हॅट, अंगात जाकीट, गळ्यात बॅंजो, असा एक सडपातळ माणूस एकटाच गातोय आणि मागे कुठेतरी झक्कास ठेका चाललाय. मी आपला ड्रमर शोधतोय! मग कॅमेरा खाली सरकला. साहेब प्लायवूडच्या तुकड्यावर नाचत होते आणि त्या प्लायवूडचा आवाज माइकवरून येत होता.

हा जॉन हार्टफर्ड (१९३७-२००१).

ब्लूग्रास म्हणजे बिल मन्रोने १९४० च्या दशकात अमेरिकेत रूढ केलेलं संगीत. बॅंजो, फिडल (म्हणजे आपलं व्हायोलिनच), मॅंडोलिन, गिटार आणि उभा बास. ड्रम्स बहुधा नसतातच. एकाने पुढे येऊन वाजवायचं, बाकीच्यांनी मागे धरून ठेवायचं, मग दुसऱ्याची पाळी. म्हणजे मुळातच चार-पाच टाळक्यांचं काम. ते एकट्याने करणं म्हणजे एकट्याने कबड्डी खेळणं. हा माणूस ते करायचा. हात एक बोलतायत, पाय दुसरंच, आणि वर गळा आरामात गोष्ट सांगितल्यासारखा गातोय. सिंगल कोअरवर तीन थ्रेड, आणि कुठेही हॅंग नाही! मला तर लहानपणी आजोळी दारात येणारा वासुदेव आठवला. त्याचंही सगळं स्वतःजवळच. टोपी, टाळ, चिपळ्या, घुंगरू.

बरं, साथीला कोणी मिळत नव्हतं म्हणून एकटा, असंही नाही. १९७१ च्या 'एरिओ-प्लेन' या अल्बममध्ये नॉर्मन ब्लेक आणि व्हॅसर क्लेमेंट्ससारखे एकापेक्षा एक वादक त्याच्याबरोबर होते. पैशाचीही चिंता नव्हती. १९६७ साली त्याचं 'जेंटल ऑन माय माइंड' हे गाणं आलं, ग्लेन कॅम्पबेलने ते गाजवलं, मग शेकडो जणांनी गायलं. रॉयल्टी येत राहिली. आमच्या कॅन्टीनमध्ये रोज ज्यावर काथ्याकूट चालतो ते 'चाळिशीच्या आत सुटका' प्रकरण या गड्याला जेमतेम तिशीत जमलं. माझ्याहून एक-दोन वर्षांनी मोठा, फक्त.

आणि सुटका झाल्यावर केलं काय? आगबोट चालवायचं लायसन्स काढलं. उन्हाळ्यात 'ज्युलिया बेल स्वेन' नावाची आगबोट हाकायची, एरवी प्लायवूडवर उभं राहायचं. १९७६ चा 'मार्क ट्वॅंग' अख्खा एकट्याच्या जोरावर आहे, त्याला ग्रॅमीही मिळालं. मला स्वतःला तो फिडल वाजवत नाचतो तेव्हा जास्त आवडतो. गिटार घेतली की जरा साधा वाटतो. असो, ज्याची त्याची आवड.

एप्रिल २००१ मध्ये टेक्सासमध्ये वाजवताना आजारामुळे त्याचे हात ऐकेनासे झाले. वाजवणं तिथेच थांबलं. जूनमध्ये तो गेला. हे वाचलं आणि लॅपटॉप बंद केला.

माझी गिटार पाच वर्षं कपाटावर आहे. कॉलेजात आमचा बॅंड होता. ड्रमर सिएटलला गेला, बासवाला बंगळूरला. 'एकट्याने काय वाजवणार?' हे वाक्य मी इतक्यांना ऐकवलंय की मलाच पटलं होतं.

रविवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन बाय तीनचा १९ एमएमचा तुकडा कापून आणला. दुकानदार विचारतो, "कशाला पाहिजे, किचन ट्रॉलीला?" मी "हो" म्हटलं. काय सांगणार! घरी तारा बदलल्या, ऑफिसचे बूट चढवले आणि सुरू झालो. हात चालले की पाय थांबायचे, पाय चालले की शब्द विसरायचो. वीस मिनिटांत घामाघूम. एकदाच, सलग चार मात्रा, तिन्ही जुळलं. खरंच जुळलं हो!

तेवढ्यात खालच्या काकूंचा फोन.

"अरे, वर सुतारकाम काढलंयस का?"

"नाही हो काकू, गाण्याची प्रॅक्टिस करतोय."

थोडा वेळ शांतता.

"बरं. पण एक ते चार नको हं. काका झोपतात."