कुंपणातून जाणारा बैल

पुणे,
शनिवार, रात्र

प्रिय छोट्या,

तुझा मेसेज मंगळवारी आला. "ताई, एखादी सिरियस गेम डेव्हलपमेंट टीम सांग. टाइमपासवाले नकोत." मी नुसता अंगठा दाखवून मोकळी झाले, त्यावर तू रुसला असशील. पण फोनवर उत्तर टाकलं असतं तर दोन ओळी वाचून तू ते वर सरकवलं असतंस. म्हणून कागदावर लिहितेय. मावशीने आधी फोडून वाचलं तरी चालेल.

काकांनाही वाचून दाखव. परवा त्यांनी मला विचारलं, "गेम म्हणजे ते रमीचं का?" त्यांना सांग, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्येच केलाय. आपला धंदा तो नव्हे. आपण सिनेमावाल्यांचे चुलतभाऊ, फक्त आपला सिनेमा समोरच्याने बटण दाबलं की बिघडतो.

आता तुझा बैलगाडा शर्यतीचा गेम. छकडा चांगला जमलाय, धूळही. पाठवलेल्या व्हिडिओखाली तू लिहिलंयस, "शेवटची दहा सेकंद सोडून बघ." साहजिकच मी तेवढीच बघितली, चार वेळा. बैल हळू आला तर कुंपणाला धडकतो. पूर्ण वेगात आला की भुतासारखा आरपार जातो आणि पलीकडच्या उसात उभा राहतो.

हिशोब कर. बैलाचा वेग तू सेकंदाला वीस मीटर ठेवलायस, म्हणजे ताशी बहात्तर किलोमीटर. (असा बैल मिळाला तर काका शेत विकतील.) गोदो या तुझ्या गेम इंजिनमध्ये फिजिक्सचा ठोका मुळात सेकंदाला साठ वेळा पडतो. म्हणजे एका ठोक्यात बैल तेहतीस सेंटिमीटर पुढे. तुझं कुंपण असेल दहा सेंटिमीटर जाड. एका ठोक्याला बैल कुंपणाच्या अलीकडे, पुढच्या ठोक्याला पलीकडे. दोघांची गाठच पडत नाही, मग धडक कुठून होणार? तू बैलाची जागा थेट बदलतोयस, त्याला ढकलत नाहीयेस, आणि धडक तपासताना अख्खा बैल न धरता त्याचा एकच बिंदू धरतोयस, असा माझा अंदाज आहे. जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत एक रेघ टाक आणि वाटेत काही आडवं येतंय का ते विचार. कुंपण जाड करून वेळ मारून नेऊ नकोस. मीही एकदा नेली होती, नंतर महागात पडलं.

मुद्दा असा, की सिरियस टीमला तुझ्या धुळीपेक्षा ही शेवटची दहा सेकंदच बघायची असतात. बैल कधी आरपार जातो, कधी नाही, ते तू कसं शोधलंस आणि मग काय केलंस. तू तीच झाकलीस.

माझी पहिली टीम तुला कधी सांगितली नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आम्ही अकरा जण जमलो. गडकिल्ल्यांचा गेम करायचा होता, अठ्ठावीस किल्ले. चौघं कथा लिहिणार, एक जण दिग्दर्शक, दोघं चित्रं काढणार, दोघं संगीतवाले, एक जण 'मार्केटिंग'. उरलेली मी, प्रोग्रॅमर. फलटणची म्हणून सईबाईंच्या माहेरचं दृश्यही माझ्याच माथी. आठ महिन्यांनी हातात काय होतं? एक झकास लोगो, शस्त्रास्त्रांच्या माहितीची चाळीस पानं, आणि एक बुरूज, ज्याच्या पायऱ्यांवर खेळाडूचा पाय अडकायचा. मी दर रविवारी ग्रुपवर लिहायचे, पायऱ्या चढता येत नाहीत. कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकायचं आणि एकोणतिसाव्या किल्ल्याची चर्चा सुरू व्हायची. भांडण झालंच नाही. झालं असतं तर बरं होतं. ग्रुप अजून आहे, दिवाळीला त्यावर पणत्या येतात.

ती पोरं टाइमपासवाली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. रात्र रात्र जागायची, कॅन्टीनचे पैसे वाचवून पुस्तकं आणायची. म्हणजे तळमळ बघून टीम निवडायची म्हटलं, तर मी आजही त्यांच्यातच जाईन.

मग बघायचं काय? लहानपणी आजोबा आपल्याला फलटणच्या विमानतळावर न्यायचे, माउलींची पालखी तळावर आली की. समाजआरती आठवते का? तू त्यांच्या खांद्यावर झोपलेला असायचास. सगळ्या दिंड्या गोलात उभ्या, टाळांचा नुसता कल्लोळ. चोपदार दंड वर करतात आणि एवढा मोठा जमाव एका क्षणात गप्प होतो. पण एखादी दिंडी टाळ वाजवतच राहते. मला वाटायचं, यांना दिसलं नाही की काय. आजोबा म्हणाले, त्यांची काहीतरी तक्रार आहे. चोपदार त्या दिंडीकडे चालत जातात, म्हणणं ऐकून घेतात. मग हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जातात आणि त्यानंतर आरती.

आता कामावर रोज सकाळी आमची दहा मिनिटांची बैठक होते, कुणाचं काय अडलंय ते सांगायची. पहिल्या दिवशी त्या बैठकीत उभी राहिले आणि मला विमानतळच आठवला. म्हणून कुठल्याही टीमला तू एवढंच विचार: तुमच्यात टाळ वाजत राहिला तर त्याच्याकडे चालत कोण जातं? म्हणजे, बिघाड लिहायची जागा कुठे आहे, तो कोण वाचतं, आणि 'हा किल्ला काढून टाका' म्हणायचा अधिकार कुणाला आहे. लगेच एक नाव सांगितलं तर जा. "आम्ही सगळे मिळून ठरवतो" म्हणाले तर चहा पी आणि परत ये.

पुण्यातल्या लोकांबद्दल तू विचारलंस. 'राजी' तू खेळलायस. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या स्टुडिओने तो केला. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे मागितले, रक्कम जमली नाही. तरी गेम २०२० च्या ऑगस्टमध्ये आधी स्विचवर आला, आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. पुढच्या वेळी खेळशील तेव्हा गोष्ट सांगणारे मधले तुकडे बघ. त्यात सावल्यांच्या बाहुल्या वापरल्यात. चेहऱ्यांचे हावभाव, ओठांच्या हालचाली असलं सगळं खर्चिक काम तिथे लागतच नाही, आणि बघणाऱ्याला ते कमीही वाटत नाही. माझ्या मते त्या गेममधलं सगळ्यात शहाणपणाचं काम ते आहे. मोठ्या नावांनीच सगळं होतं असंही नाही. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा नवा अवतार २०२० मध्ये जाहीर झाला तेव्हा तो युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे होता. २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे गेलं. मोठ्या कंपनीत असं होतं, त्यात कुणी सिरियस नव्हतं असं मुळीच नाही.

"फलटणमध्ये राहून काय होणार" हे वाक्य मात्र पुन्हा लिहू नकोस. तुझ्या गावात १९६८ पासून निंबकरांची संशोधन संस्था आहे. सुंदरबनातल्या गॅरोल नावाच्या बुटक्या मेंढीतला जुळी होण्याचा गुण त्यांनी आपल्या दख्खनी मेंढीत आणला. 'नारी सुवर्णा' ती हीच. मेंढीच्या पिढ्यामागून पिढ्या मोजत बसायचं काम आहे ते, आणि त्यासाठी कुणाला पुण्याला खोली घ्यावी लागली नाही. तुला तर नेट आणि तो खरखरणारा लॅपटॉप पुरतो. गोदोलाही सुरुवात झाली ती अर्जेंटिनात, दोघांपासून. २०१४ मध्ये त्यांनी तो सगळ्यांसाठी खुला केला, म्हणून तर तुला फुकट मिळाला.

अजून एक. अशा हौशी टीममध्ये कल्पनावाले ढिगाने असतात, प्रोग्रॅमरची वानवा असते. तुला वाटतंय तू दार ठोठावतोयस. एक पूर्ण झालेला गेम दाखवलास, अगदी पाच मिनिटांचा, तर लोकच तुझ्या दारात येतील, अठ्ठावीस किल्ले घेऊन. तेव्हा सांभाळ. आधी एखाद्या गेम जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळात गेम करायच्या स्पर्धेत, उतर. लुडम डेअर २००२ पासून चालू आहे, घरबसल्या भाग घेता येतो, अठ्ठेचाळीस तासांत एकट्याने गेम पुरा करायचा. किंवा तुझ्या वर्गातला तो पाट्या रंगवणारा मित्र घे. परवाच्या फोटोत त्याने रंगवलेला रसवंतीचा बोर्ड दिसला, त्यातला बैल तुझ्या बैलापेक्षा जिवंत आहे. दोघं पुरेत. बैलाचं कोण बघणार आणि कुंपणाचं कोण, ते पहिल्याच दिवशी ठरवा.

मी पुढच्या शनिवारी संध्याकाळच्या एसटीने येतेय. व्हिडिओ नको, प्रोजेक्टचं फोल्डर तयार ठेव, आणि बैल किती वेगाला धडकतो, किती वेगाला आरपार जातो, ते वहीत मांडून ठेव. मावशीला सांग, जेवायला उशीर होईल.

तुझी,
ताई

ता. क. काकांना ताशी बहात्तरचं वाचून दाखवू नकोस.