भोसल्यांच्या भिंतीला टेकून

तंजावर, शुक्रवार रात्र

तीर्थरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघ्यांमुळे तुम्ही आला नाहीत ते एका परीने बरंच झालं, नाहीतर आज भर दुपारी बृहदीश्वराच्या अंगणात तुम्हाला धावावं लागलं असतं. सकाळी कॉफीच्या नादात उशीर केला आणि देवळात पोचले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. चपला बाहेर, आत दगडी फरशी तव्यासारखी. देवाकडे जाणाऱ्या वाटेवर काथ्याच्या पट्ट्या अंथरल्या होत्या, पण मला जायचं होतं ओवऱ्यांकडे, तुमच्या शिलालेखाकडे. तिकडे पट्टी नव्हती.

धावतच गेले. अक्षरं बाळबोध आहेत, मोडी नाहीत, त्यामुळे तुमच्यावाचून अडलं नाही. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजाने १८०३ मध्ये भोसल्यांची सगळी कुळकथा इथे कोरून घेतली. तुम्ही हे सांगायचात तेव्हा मला नुसता अभिमान वाटायचा. आज तिथे उभी राहिले आणि सन आठवला. १७९९ च्या तहात राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. राजाकडे उरला तो किल्ला, मान आणि तनखा. त्यानंतर चारच वर्षांत त्याने हे काम काढलं, तेही राजराज चोळाने १०१० मध्ये पुऱ्या केलेल्या देवळात. हातातलं गेलं की माणूस भिंतीवर लिहायला घेतो का हो? एक बाई बाळाला मांडीवर निजवत तिथेच टेकून बसल्या होत्या. भोसल्यांच्या दोन-तीन पिढ्या त्यांच्या पाठीआड गेल्या. त्यांना उठवायचा धीर मला झाला नाही, म्हणून तेवढा मजकूर वाचायचा राहिलाच.

जेवण केळीच्या पानावर. तुमची सांबाराची गोष्ट मी शेजारच्या गृहस्थांना इंग्रजीत ऐकवली: तंजावरच्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात कोकम संपलं, कोणीतरी चिंच घातली आणि पाहुण्या संभाजी महाराजांच्या नावावरून ‘सांबार’ झालं. ते शांतपणे भात कालवत म्हणाले, चिंच आम्हाला कोणी शिकवायला हवी होती का? मामा, मला उत्तर सुचलं नाही. शिवाय शहाजीराजे गादीवर आले १६८४ मध्ये. तेव्हा संभाजी महाराज औरंगजेबाशी झुंजत होते, तंजावरला पंगतीला यायला त्यांना सवड कुठली? गोष्ट गोड आहे, पण यापुढे मी ती सांगणार नाही. सांबार मात्र तीनदा घेतलं. त्यानंतर रसम, मग ताक, आणि पान आपल्या बाजूला मिटायचं हेही शिकले.

दुपारी राजवाडा. दरबारात सरफोजीचा पांढरा संगमरवरी पुतळा आहे, इंग्रज शिल्पकार चँट्रीने घडवलेला. पण राजा खरा भेटतो तो सरस्वती महालात. हा ग्रंथसंग्रह मूळचा नायक राजांचा, त्याने तो कितीतरी पटींनी वाढवला. काशीयात्रेला गेला तर तिथूनही पोथ्या आणल्या. डोळ्यांच्या रोग्यांवर तो उपचार करवी आणि त्यांची टिपणं ठेववी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसकट. तुमच्या मोतीबिंदूची आठवण झाली. राज्य करायचं उरलं नव्हतं, म्हणून हे सगळं झालं असेल. झालं हे मात्र छानच.

बाहेर ओसरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. माझा फोनवरचा संवाद ऐकून मराठीत म्हणाले, “कुठून आलात?” मी हरखून गेले. “अहो, तुम्ही तर आपलेच!” त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलं. मराठी अगदी सरळ, पण चाल तमिळ, आणि मधूनच पोथीत असावा असा एखादा शब्द. पाच मिनिटं बोलल्यावर ते हसून म्हणाले, “तुमच्या बोलण्यात हिंदी फार.” मग नातीला त्यांनी तमिळमध्ये माझ्याबद्दल काही सांगितलं. ती माझ्याकडे अशा कौतुकाने बघायला लागली, जसं आपण परदेशातून आलेल्या पाहुण्याकडे बघतो.

संध्याकाळी पुन्हा देवळात गेले. फरशी निवली होती. आता मान वर करून विमान नीट बघितलं, दोनशे फुटांहून उंच. त्याची सावली जमिनीवर पडतच नाही, असं एक गाईड मंडळींना सांगत होता. मामा, हे मी त्याच सावलीत बसून ऐकलं.

मामीसाठी मान डोलावणारी बाहुली घेतली आहे. आणि तिला एक विचारा. त्या आजोबांच्या घरी ‘डांगर पच्चडी’ करतात, म्हणजे भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वर मोहरी-हिंगाची फोडणी. आपली आजी डांगरात दही घालायची की ताक? मी छातीठोकपणे ताक म्हणून सांगून आले आहे, आणि आता माझी मलाच खात्री वाटेनाशी झाली आहे.

तुमची,
भाची