भट्टीच्या आधीचा चिखल

आमच्या भट्टीचं वर्ष दसऱ्याला सुरू व्हायचं आणि ते मातीपासून सुरू व्हायचं. माझं माहेर कऱ्हाडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठी. घर कुंभाराचं. मडकी आजोबांबरोबर संपली आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विटा धरल्या. चाक बंद पडलं तरी मातीची पारख घरात राहिली. मी पुढं स्थापत्याची पदविका केली आणि आज बांधकाम साहित्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथं रोज कुठल्या ना कुठल्या भट्टीची वीट माझ्या हातात येते. ती दाबाखाली फुटताना पाहिली की मला भट्टी आठवत नाही, चिखल आठवतो. वीट आगीत घडते असं सगळे मानतात. मी वाढले तिथं ती चिखलातच घडायची किंवा बिघडायची. आगीत नुसता निकाल लागायचा.

आमची माती मळीची. पुराच्या पाण्यानं काठावर आणून टाकलेला पोयटा, तपकिरी आणि हाताला मऊ. त्याच गावात काळी माती हवी तेवढी होती, पण ती उसाला चांगली, विटेला वैरी. पाणी प्यायली की फुगते, वाळताना तितकीच आकसते आणि वीट उन्हात पडल्या जागी तडकते. आबा चिमूटभर माती दातांखाली धरून बघायचे. कचकच किती लागते त्यावरून वाळूचा अंदाज यायचा. मग ओल्या मातीची बोटाएवढी वळी करून अंगठ्याभोवती गुंडाळायची. लगेच तुटली तर माती हलकी. न तुटता चकाकत वळली तर चिकण जास्त, ती वाळताना दगा देणार. जराशी भेगाळून तग धरला तर माती जमली. आम्हा पोरांकडं चुनखडे वेचायचं काम असायचं. हरभऱ्याएवढा चुनखडा विटेत राहिला तर भट्टीत भाजून त्याचा कळीचा चुना होतो. वीट लालभडक, खणखणीत निघते, गिऱ्हाईक खूश होऊन घेऊन जातं. पहिल्या पावसात तो चुना पाणी पितो, फुगतो आणि विटेचा टवका उडवून बाहेर येतो. तोवर भिंतीवर रंगसुद्धा लागलेला असतो.

माती आली की गारा व्हायचा. खड्ड्यात माती, राख, भाताचं तूस आणि गाढवाची लीद. गाढवं होती तोवर घरची, नंतर मागून आणलेली. पाणी सोडायचं आणि तुडवायचं. मग रात्रभर, कधी दोन रात्री, मुरू द्यायचं. ढेकळाच्या पोटात पाणी शिरायला वेळ लागतो. वरून लोण्यासारखा दिसणारा गारा आत कोरडे खडे बाळगून असतो, आणि तो खडा विटेत गेला की वाळताना भोवतालचा गारा त्याला सोडून आकसतो. तिथं भेग ठरलेली.

हे मुरणं बघायला आबांपेक्षा मोठा अधिकार मावशींचा होता. मावशी आणि त्यांचे मालक विजापूरकडून यायचे, दिवाळी झाली की, पोराबाळांसकट. आधी आमच्याच घरातली माणसं विटा पाडायची. काम वाढलं तशी ही जोडी येऊ लागली आणि वर्षानुवर्षं येत राहिली. मावशी पहाटे गाऱ्यात उतरायच्या, टाच घालून बघायच्या. एका वर्षी गिऱ्हाइकाची घाई होती. ट्रक ठरला होता, आबा खड्ड्याच्या कडेला येऊन उभे होते.

"करायची का सुरुवात?"

"अजून मुरला न्हाई. आज पाडल्या तर भट्टी उघडल्यावर रडाल."

आबा एक शब्द न बोलता परत फिरले आणि गिऱ्हाइकाला निरोप धाडला. भट्टीचा मालक पाडणारणीच्या टाचेवर विश्वास ठेवतो, हे मी तेव्हा पाहिलं. पुढं कितीतरी बांधकामांवर फिरले, तिथं कामगाराच्या सांगण्यावरून काम थांबलेलं फार क्वचित पाहिलं.

विटा पाडायला सुरुवात व्हायची रात्र सरायच्या आधी, बत्तीच्या उजेडात. कारण उन्हाचं होतं. गार वेळेत पाडलेली वीट हळूहळू पाणी सोडते. दुपारी पाडली तर वरची कातडी आधी वाळते आणि पोट ओलं राहतं. मावशी उकिडव्या बसायच्या. उजवीकडे गाऱ्याचा ढीग, डावीकडे राखेचं घमेलं, पुढ्यात साचा. दोन्ही हातांनी गारा ओढायचा, विटेहून थोडा मोठा गोळा करायचा, साच्याला चिकटू नये म्हणून राखेत लोळवायचा. मग छातीपर्यंत उचलून साच्यात आपटायचा. सगळं कसब या आपटण्यात आहे. गोळा एका दमात चारी कोपऱ्यांत गेला पाहिजे. नवखा माणूस कमी जोरानं टाकतो आणि मग बोटांनी कोपरे दाबून भरतो. वीट दिसायला पुरी दिसते, पण कोपऱ्यातला आणि पोटातला गारा एकजीव झालेला नसतो. भाजून निघाल्यावर नेमका तोच कोपरा ढळतो. जादा गारा तारेच्या धनुकलीनं कापायचा, साचा मोकळ्या जागी पालथा घालायचा आणि सरळ वर उचलायचा. मनगट जरा तिरपं झालं की विटेची कड ओढली जाते. मावशींचं मनगट दिवस वर येईपर्यंत तिरपं होत नसे. जोडीनं दिवसाला हजार-बाराशे विटा पडत. प्रत्येक विटेला वाकणं, आपटणं, उठणं, चार पावलं चालणं, परत बसणं.

साचा सागवानी, आतून पत्रा मारलेला. तो विटेच्या मापाहून मोठा असतो, कारण वाळताना आणि भाजताना मिळून वीट लांबीत जवळजवळ दहाव्या हिश्श्यानं आकसू शकते. म्हणून आमचा सुतार साचा करायच्या आधी माती कुठली ते विचारायचा. प्रयोगशाळेत आम्ही 20 विटा ओळीनं लावून एकत्र लांबी मोजतो. मानकातली पद्धतच तशी आहे. त्या ओळीत फरक पडला की मला समजतं, एकतर साचा झिजलाय किंवा मधेच माती बदललीय.

पाडलेल्या विटा दुसऱ्या दिवशी कडेवर उभ्या करायच्या, हे काम पोरांचं. मावशींची पोरं आणि आम्ही मिळून करायचो. आम्ही दहा वाजता दप्तर घेऊन शाळेला जायचो, ती पोरं विटांतच राहायची. मग चट्टे लावायचे, वारा खेळेल अशा फटी ठेवून. फाल्गुनात गरम वारा सुटला की चट्ट्यांवर पाचट टाकायचं. आणि अवकाळी! ढग दिसला की सगळा कुंभारवाडा ताडपत्र्या घेऊन धावायचा. कधी नुसतीच सर यायची आणि विटांवर थेंबांचे बारीक खड्डे उठायचे. त्या विटा भाजल्या की ते थेंब कायमचे. जोराचा पाऊस आला तर महिन्याचं काम परत चिखल व्हायचं, आणि तो गारा पुन्हा तुडवायची हिंमत लवकर व्हायची नाही.

भट्टी लावायला आबा स्वतः चढायचे. तळाला आगीच्या वाटा सोडून जुन्या विटांचा थर, त्यावर कच्च्या विटा कडेवर रचलेल्या, थराथरात तूस, बगॅस आणि दगडी कोळशाची चुरी. साखर कारखाने बगॅसवर वीज करू लागल्यापासून तो महाग झाला, मग कोळसा वाढला. बाहेरून जुन्या विटांची भिंत, तिला मातीचा लेप, माथ्यावर राख. नारळ फोडून वाऱ्याच्या बाजूनं पेटवायची. पहिले दिवस पांढरा, ओला धूर येतो. ती विटांत उरलेली वाफ. ती पुरती जायच्या आत आग चढली तर विटा आतल्या आत फुटतात. साधारण 500 अंशांच्या पुढं मातीच्या कणांत बांधलेलं पाणीही सुटतं. तिथून त्या मातीचा परत चिखल होत नाही. 900 ते 1000 अंशांच्या दरम्यान कण एकमेकांना कायमचे धरतात आणि मातीतलं लोखंड लाल रंग देतं. आबांकडं तापमापक नव्हता. ते लेपाच्या भेगेतून आतला रंग बघायचे, आणि माथा किती खाली बसला ते. भट्टी वीतभर बसली की म्हणायचे, शिजली. आठ-दहा दिवस ती आतल्या आत धुमसायची आणि या काळात कुणाच्या हातात फारसं काही नसायचं. एखाद्या बाजूला आग पळाली तर लेप लावून वाट बुजवायची, मागं राहिली तर भोक पाडायचं. एवढंच.

थंड झालेली भट्टी उघडायची म्हणजे सगळ्या वर्षाचा हिशोब. आगीला लागून असलेल्या विटा वितळून काळ्यानिळ्या, वेड्यावाकड्या झालेल्या. ते खंगर, पायात भरायला जायचे. बाहेरच्या रांगा पिवळट, कच्च्या. त्या पुढच्या भट्टीच्या भिंतीला. मधल्या विटा खऱ्या. एक हातात धरून दुसरीवर ठोकायची, आवाज टणक यायला हवा. बद्द आवाज आला की आबा ती वीट फोडून आत बघायचे. खंगर आणि कच्ची हा आगीचा दोष, तो आबा आपल्या अंगावर घ्यायचे. पण भेग कोरड्या खड्याची, टवका चुनखड्याचा, कोपरा ढळला तो ढिल्या हाताचा, आणि पोटात काळी राहिली तर गाऱ्यात जळण जास्त पडलं आणि आत पुरती हवा पोचली नाही. मावशी शेजारी उभ्या राहून त्या फुटक्या विटा निरखायच्या आणि पुढच्या गाऱ्यात काय बदलायचं ते सांगायच्या. राख वाढवा, तूस कमी करा, ही माती त्या मातीत निम्मी मिसळा. आज माझ्या टेबलावर वीट 24 तास पाण्यात राहते. साध्या विटेनं आपल्या वजनाच्या 20 टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये, असा दंडक आहे. जास्त प्यायली तर आम्ही 'नापास' लिहितो. का प्यायली, ते त्या रकान्यात लिहायला जागा नाही. मावशींना ते सांगता यायचं.

काही वर्षांमागं तेरला गेले होते, गोरोबाकाकांच्या गावी. कुंभाराच्या लेकीला ते देवस्थानच. पण मी रेंगाळले ती त्रिविक्रमाच्या देवळापाशी. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या विटांच्या वास्तूंत त्याची गणना होते. मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार. तेरला पाण्यावर तरंगतील इतक्या हलक्या जुन्या विटाही सापडल्या आहेत. अशा विटेची किमया समजायला मला भट्टीपर्यंत जावं लागलं नाही. आमच्या गाऱ्यातलं तूसही जळताना आपल्या आकाराची पोकळी मागं ठेवून जातं. ते किती घालावं, केवढं बारीक असावं, कसं मिसळावं, हे ठरतं पाय चिखलात असताना. त्या विटा करणाऱ्यांत कुणी मावशी असणारच, असं मला तिथं उभं राहून ठामपणे वाटलं आणि अजून वाटतं.

मला खंत आहे ती मजुरीच्या रीतीची. विटा पाडणाऱ्याला मोजतात हजारी भावानं, आणि हजार म्हणजे धड निघालेल्या हजार. गारा तुडवायचा दिवस, मुरायची रात्र, अवकाळीत वाहून गेलेलं काम, हे कशातच धरत नाहीत. वर दिवाळीआधी घेतलेली उचल असते, ती फिटता फिटत नाही आणि माणूस पुढच्या साली त्याच भट्टीवर बांधला जातो. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 सालचा. तरी ठाणे, पालघर, रायगडकडं कातकरी कुटुंबांच्या पिढ्यान्‌पिढ्या अशाच गेल्या. तिकडं मजुरांच्या झोपडीला भोंगा म्हणतात. नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेनं वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा काढल्या, पोरं विटा उलथण्याऐवजी पाटी धरू लागली. आमच्याकडं तशी शाळा असती तर मावशींची थोरली माझ्या वर्गात असती. तिचं गणित माझ्याहून पक्कं होतं. चट्ट्यातल्या विटा ती नजरेनं मोजायची.

आता भट्टी दादा चालवतो. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्यानं अधिसूचना काढून वीटभट्ट्यांना झिगझॅग किंवा उभ्या भट्टीकडं, नाहीतर पाइपच्या गॅसकडं वळायला सांगितलं. ते मला पटतं. आमच्या गल्लीतला खोकला मी ऐकलेला आहे. 1999 च्या अधिसूचनेनं औष्णिक वीजकेंद्रांच्या 50 किलोमीटर परिसरातल्या भट्ट्यांना मातीत किमान 25 टक्के राख मिसळायला लावली, तेही योग्यच होतं. मळीचा थर खरवडून काढला की तो भरून यायला नदीला किती पूर लागतात ते काठावरच्यांना ठाऊक आहे. पण भट्टीचा आकार बदलतो, मातीतली राख बदलते, आणि गाऱ्यातल्या माणसाची मजुरी तेवढी जुन्या रीतीनंच होते.

यावरून मी दादाशी बरंच भांडले. शेवटी गेल्या हंगामात एका वास्तुविशारदाकडून त्याला गिलावा न करायच्या, उघड्या राहणाऱ्या विटांचं काम मिळालं. धारदार कडा, एकसारखं माप. दादानं मावशींच्या थोरलीला फोन केला. आता तीच जोडीनं येते. तिनं दोन अटी घातल्या. गारा करायचे आणि मुरवायचे दिवस रोजानं धरायचे, हजारीत नाही. आणि माती उतरवायच्या आधी तिला दाखवायची. दादानं दोन्ही मान्य केल्या. हजारी भावावर मात्र अजून घासाघीस चालू आहे.