हिंगोलीच्या उन्हातली कोशिंबीर

पुनरुत्थानाच्या सणाला आमच्या घरी दोन पदार्थ ठरलेले असत. एक बीफ रोस्ट आणि दुसरी जेलीत गोठवलेली भाज्यांची कोशिंबीर. पहिला पदार्थ वाचकांपैकी अनेकांच्या घरी होत असेल. दुसरा फार थोड्यांनी पाहिला असेल, आणि त्याच्याविषयी लिहिण्याचे माझ्यावर ऋण आहे.

वडील रेल्वेत होते. १९६८ साली त्यांची हिंगोलीला बदली झाली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. मीटरगेजची गाडी, कयाधू नदी, दसऱ्याला रामलीला मैदानावर लोटणारी गर्दी, आणि उन्हाळा. कॅथलिक घरे एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. धर्मगुरू सणाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, गाडीने येत, आमच्या पडवीत मिस्सा होई, आणि म्हणून आमचे सणाचे जेवणही सोमवारीच. या गावी पूर्वी हैदराबाद कंटिन्जंट फौजेची छावणी होती. १९०३ साली ती फौज हिंदी सैन्यात सामावली गेली. वडील गमतीने म्हणत, "या गावाने रोस्टचा वास आपल्या आधी घेतलेला आहे."

आईची विद्या मात्र छावणीतली नव्हती. तिचे वडील इगतपुरीला एका रेल्वेच्या साहेबाकडे बटलर होते. साहेब मायदेशी गेला, आजोबांजवळ एक वही उरली. ती मराठीत होती, पण पदार्थांची नावे कानाला ऐकू आली तशी लिहिलेली. जेलीतल्या कोशिंबिरीचे नाव तिथे 'आस्पिक सालाड' असे होते.

रोस्टला आई मांडीचा बिनहाडाचा तुकडा आणवी. गावात त्याला 'मोठ्याचे' म्हणत. (१९७६ च्या कायद्याने महाराष्ट्रात गाईला संरक्षण होतेच, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. आता आमच्याकडे म्हशीचे मांस असते. धागा जाड, वेळ जास्त.) त्या काळी मिळे ते नांगर ओढून थकलेल्या जनावराचे. ते मऊ करणे ही घाईची गोष्ट नव्हे. आदल्या रात्री काट्याने टोचून मीठ, मिरी, आले-लसूण आणि शिरका चोळायचा. सकाळी जाड बुडाच्या पातेल्यात दालचिनी, लवंग आणि दोन सुक्या मिरच्या तुपावर टाकून तुकडा सर्व बाजूंनी काळपट होईपर्यंत परतायचा. मग पेलाभर पाणी, वर झाकण, झाकणावर निखारे, आणि तीन तास चित्त शांत. पाणी आटले की थोडेसेच घालायचे. जास्त घातले की रोस्ट न राहता रस्सा होतो, हे आईचे ठाम मत. शेवटी त्याच पातेल्यात बटाटे आणि गाजरे. कापताना सुरी धाग्याला आडवी.

नाताळात उरलेली ग्रेव्ही रात्रभरात थिजून चमच्यावर थरथरत असे. आई ती दाखवून म्हणे, "पाहा, जेली हिच्यातच आहे." आम्हांला ते बोलणे तेव्हा नुसते कौतुकाचे वाटे. ते किती शब्दशः खरे आहे, हे तिलाही ठाऊक नव्हते.

कोशिंबिरीसाठी मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातून जिलेटिनची पुडी येई. मटार, गाजर, फरसबी उकडून, काकडीच्या चकत्या करून कल्हईच्या भांड्यात रचायच्या. जिलेटिन थंड पाण्यात फुगवून, गरम पाण्यात विरघळवून, मीठ, साखर, शिरका घालून वर ओतायचे. भांडे ताटात उपडे केले की काचेतून दिसावी तशी भाजी दिसे. पण हिंगोलीचा एप्रिल! जिलेटिनची जेली तिशीच्या पुढे पारा गेला की ढिली पडू लागते, आणि इथे तो चाळिशीला टेकलेला. वडील अकोल्याकडून येणाऱ्या गाडीने बर्फाची लादी मागवीत; भुश्यात घालून, पोत्यात बांधून येई, हाती निम्मी लागे. कोशिंबीर ताटात उभी राहिल्यापासून पाच मिनिटांत खावी लागे.

त्या पाच मिनिटांतही एक बशी आधी शेजारी जाई. शेजारच्या काकू माळकरी होत्या. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला नर्सीला नामदेवांच्या दर्शनाला जाणे चुकत नसे. रोस्ट त्यांना चालणार नाही हे उघड होते. ती भांडीसुद्धा आई वेगळी ठेवी. पण कोशिंबीर भाज्यांची. काकू ती आवडीने खात आणि बशी कधी रिकामी परत पाठवीत नसत. कधी गुळाचा खडा, कधी शेतातली चार हळकुंडे.

१९७६ साली मी नांदेडला कॉलेजात शिकत होतो. सणाला घरी आलो होतो. जेवताना, पाहुण्या धर्मगुरूंसमोर ज्ञान मिरविण्याच्या हौसेने, मी सांगून टाकले की जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून काढतात. मांसातले कोलॅजन शिजून ग्रेव्ही थिजते, तीच ही वस्तू. आईचा हात थांबला. शेजारची बशी केव्हाच गेली होती.

धर्मगुरू समजुतीने म्हणाले, "बाई, तुम्हांला ठाऊक नव्हते. जाणीव नसेल तर पाप घडत नाही."

"आठ सण ठाऊक नव्हते, फादर," आई म्हणाली, "आता ठाऊक आहे." तिने हात धुतला, पदर सारखा केला आणि ती बाहेर पडली.

दहा मिनिटांनी परत आली. एवढेच म्हणाली, "वहिनींनी ऐकून घेतले. 'सांगितलंत ते बरं झालं,' म्हणाल्या." रात्री वडिलांनी पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र काढून आठवा अध्याय वाचला. मग मिटून ठेवीत म्हणाले, "यात न कळत वाढलेल्याचे काही लिहिलेले नाही." दुसऱ्या दिवशी काकूंचा मुलगा बशी घेऊन आला. घासून लखलखीत केलेली, आणि रिकामी. आईने ती फळीवर ठेवली, आणि मला ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

पुढच्या वर्षी वहीत 'जिलेटिन' या शब्दावर रेघ होती आणि पुढे आईच्या अक्षरात 'चायना ग्रास'. समुद्रातल्या शेवाळाचा हा पदार्थ. एक लिटर पाण्याला १० ग्रॅम, चांगला उकळून विरघळवायचा, शिरका चुलीवरून उतरवल्यावरच घालायचा, नाहीतर पकड जाते. एकदा थिजला की तो हिंगोलीच्या दुपारीही हलत नाही. पुढे वाचनात आले की १८८१ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कोख यांच्या प्रयोगशाळेतही जिलेटिन उन्हाळ्यात वितळत असे, आणि वाल्टर हेस या सहकाऱ्याला त्याच्या पत्नीने, फॅनीने, स्वयंपाकघरातला हाच पदार्थ सुचविला. कोख यांनी १८८२ च्या निबंधात त्याचा उल्लेख केला, तिचा नाही. वडिलांना मात्र नवी कोशिंबीर रुचली नाही. "खडूसारखी तुटते," म्हणत. ते खरेच आहे. तोंडात विरघळण्याचा गुण जिलेटिनचाच.

आई बशी घेऊन शेजारच्या उंबऱ्यावर उभी राहिली आणि आत काय काय आहे ते एकेक सांगितले. काकूंनी विचारले, "समुद्रातलं गवत?" आई म्हणाली, "तसंच." काकूंनी बशी घेतली. ती परत आली नाही. बोलणेचालणे सुरू होते, पाणी भरताना भेट होई, पण बशीचा विषय दोघींनीही काढला नाही.

१९७९ साली वडिलांची बदली झाली. सामान ब्रेकमध्ये चढल्यावर काकू स्टेशनवर आल्या. हातात फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. खाली आमचीच बशी. त्यांनी ती कोशिंबीर खाल्ली होती की नाही, हे आईने विचारले नाही. गाडी सुटेपर्यंत दोघी त्या वर्षीच्या हळदीच्या भावाविषयी बोलत होत्या.