भाकरी थापता येत नाही? मग शाळूचं धिरडं घाला



या पानावर मी एरवी पेरणी, फवारणी आणि पाऊसपाण्याचं लिहितो. आज तव्यावरचं लिहितोय. विषय स्वयंपाकघरातला वाटला तरी तो आपल्या शाळूच्या रानाचाच आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आपल्या भागात ज्वारी म्हणजे भाकरी, असं पक्कं बसलंय. वळसंग घ्या, अक्कलकोट घ्या, मंगळवेढा घ्या, पलीकडं कर्नाटकात विजापूर घ्या. तिकडं जोळद रोट्टी म्हणतात एवढंच. पण भाकरी हातावर चालते. पीठ ताजं पाहिजे, पाणी कढत पाहिजे, मळायला मनगटात जोर पाहिजे, आणि कड न फाटता भाकरी परातीत फिरली पाहिजे. हे हातात बसायला वर्ष-दोन वर्षं जातात. आता पोरी शिकतात, नोकरीला जातात. पोरं तर पहिल्यापासूनच चुलीजवळ फिरकत नाहीत. भाकरी थापणारा हात घरातून कमी झाला की आधी दळण कमी होतं, मग कणगी रिकामी होते, मग रानातला शाळू जातो.

आमच्या घरात यावर जे कामाला आलं ते धिरडं. हे काही नवीन नाही. आपल्या आया-आज्ज्या घालतच होत्या. पण भाकरी असली की धिरड्याला कुणी विचारत नव्हतं. पीठ उरलं, पाहुणा अचानक आला, पोरगं तापानं फणफणलं, अशा वेळीच त्याची आठवण व्हायची.

आमची सून सोलापूर शहरातली. चपाती झकास करते, पण भाकरी थापायला बसली की तिसऱ्या थापेला कड फाटायची. आमची आई, म्हणजे तिची आजेसासू, पंचाहत्तरीच्या पुढची. ती म्हणाली, "अगं, फाटतीया तर फाटू दे. त्याच पिठात ताक घाल आन् तव्यावर सोड. पोटात गेल्यावर कोण बघतंय गोल हाय का चौकोनी?" तेव्हापासून आमच्याकडं आठवड्यातून तीन-चार सकाळी धिरडी असतात.

ज्वारीचं पीठ का फाटतं ते समजून घ्या. गव्हात ग्लुटेन असतं, त्यामुळं कणीक रबरासारखी ताणते. ज्वारीत ते नाही. म्हणून भाकरीला कढत पाणी लागतं. त्यानं पिठातला स्टार्च फुलून चिकट होतो आणि तेवढ्यावरच भाकरी धरून राहते. पीठ शिळं झालं की विरी जाते, मग कितीही मळा, भाकरी तुटतेच. धिरड्याला ही अडचण नाही. तिथं पीठ पातळ असतं, थोडं बेसन त्याला धरून ठेवतं आणि बाकीचं काम तवा करतो. विरी गेलेलं पीठ धिरड्यात चांगलं चालतं. फक्त वास घेऊन बघा. खवट वास आला तर ते पीठ खायचं नाही.

आता आमच्या घरचं माप देतो.

दोन वाट्या शाळूचं पीठ, अर्धी वाटी बेसन, एक वाटी आंबट ताक आणि लागेल तसं दीड ते दोन वाट्या पाणी. त्यात लसूण, हिरवी मिरची आणि जिरं ठेचून घालायचं. हळद, मीठ, मूठभर कोथिंबीर. मेथीची भाजी असली तर चिरून मूठभर. हे कालवून वीस मिनिटं झाकून ठेवायचं, म्हणजे पीठ पाणी पितं. नंतर घट्ट वाटलं तर आणखी थोडं पाणी. पळीतून धार सुटली पाहिजे.

तवा बिडाचा असला तर उत्तम. चांगला तापू द्या, पाण्याचा शिपका मारा, चर्र झालं की तयार. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा. आमच्याकडं एकच कांदा सगळ्या धिरड्यांना पुरतो आणि शेवटी तोही भाजून खाल्ला जातो. पीठ कडेनं आत असं सोडायचं, मधे राहिलेली भोकं नंतर भरायची. झाकण ठेवून मिनिट-दीड मिनिट. कड आपोआप सुटायला लागली की मगच उलथनं घालायचं. घाई केली की धिरडं तव्यालाच राहतं. ज्वारीचं पीठ तळाशी बसतं, म्हणून दर वेळी पळीनं ढवळून घ्या. हे विसरलं की पहिली धिरडी पातळ होतात आणि शेवटची जाड.

दुसरा प्रकार आख्ख्या ज्वारीचा. तीन वाट्या शाळू, एक वाटी उडीद डाळ, चमचाभर मेथ्या. आठ-दहा तास भिजवून मिक्सरमधून बारीक काढायचं आणि रात्रभर आंबू द्यायचं. थंडीत चुलीजवळ ठेवलं तर सकाळपर्यंत फुगतं. मीठ घातलं की तयार. सून याला डोसा म्हणते, आई आंबोळी म्हणते. यावर अजून तह झालेला नाही, पण दोघी सारखीच खातात. याला गिरणीत जावं लागत नाही, ही मोठी सोय. लाईट गेली तर मात्र मिक्सर बंद, हेही सांगून ठेवतो.

तिसरं गुळाचं. दोन वाट्या गव्हाचं पीठ, खपलीचं मिळालं तर फारच छान, एक वाटी गूळ दोन वाट्या पाण्यात विरघळवून, चिमूटभर मीठ, बडीशेप, वेलदोडा. गव्हातली अर्धी वाटी काढून तेवढं ज्वारीचं पीठ घातलं तर कड कुरकुरीत होते. जाळ बारीक ठेवायचा, नाहीतर गूळ करपतो. वरून तूप, बाजूला वाटीत दूध. नातवाला हे दिलं की बिस्किटाचा पुडा आठवत नाही.

खायला सोबत काय? तिखट धिरड्याला शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही. कारळ्याची किंवा जवसाची चटणी असली तर वर कच्चं तेल. उन्हाळ्यात काकडी, थंडीत मुळा. रानात न्यायचं असेल तर एकावर एक न रचता आधी गार होऊ द्यायचं आणि मग फडक्यात गुंडाळायचं. गरम रचलं की वाफ धरून चिकटतं. डब्यात दुपारी बारापर्यंत मऊ राहतं. आमटी मात्र सोबत नको, धिरडं भिजून लगदा होतो.

कोकणात तांदळाचं घावन करतात आणि नारळाच्या गोड रसात बुडवून खातात. त्यांच्या रानात भात, म्हणून तव्यावर तांदूळ. पण ज्वारीचं धिरडं फक्त आपलंच आहे असं समजू नका. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. तिकडं सुदानमध्ये आजही ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर कागदासारखं पातळ पसरतात, ताडा-माडाच्या जातीच्या पानाच्या तुकड्यानं. त्याला किसरा म्हणतात आणि कालवणासोबत खातात. शेजारच्या इथिओपियात इंजेरा असतो, तो मुख्यतः टेफ नावाच्या बारीक धान्याचा, पण ज्वारीचाही करतात. म्हणजे जिथून हे पीक निघालं तिथं ते पातळ करूनच तव्यावर जातं.

आईकडून ऐकलेली एक गोष्ट. 72 च्या दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा. तीही एक ज्वारीच. आई सांगते, त्याची भाकरी धड होत नव्हती आणि झाली तरी घशाखाली उतरत नव्हती. "मग पाणी, मीठ, चटणी घालून तव्यावर सोडायचो. ताक कुठलं? जनावरंच राहिली नव्हती." पोटाला आधार द्यायला तेव्हा हेच धिरडं होतं.

आता रानाकडं येतो. आमच्या मुलाचा हिशेब सरळ आहे. "आण्णा, शाळू काढायला माणूस मिळत नाही. मुळासकट उपटायचं काम कोण करतंय आता? पाखरं राखायची कुणी? आन् घरात भाकरी खाणारी तुम्ही तिघंच. कशाला गुंतवता दोन एकर?" त्याच्या बोलण्यात खोट नाही. शाळू काढताना कंबर मोडते, हे ज्यानं काढलाय त्यालाच ठाऊक. पण माझंही एक गणित आहे. त्या दोन एकराला पाण्याची खात्री नाही. विहीर फेब्रुवारीत खाली जाते. परतीच्या पावसाची ओल धरून काळ्या रानात उभं राहणारं पीक हेच. चांगल्या वर्षी एकरी पाच-सहा क्विंटल दाणे होतात, आणि चार जनावरांचा कडबा त्यातूनच येतो. कडबा विकत घ्यायची वेळ आली की दुधाचा पैसा कुठं जातो ते मी सांगायला नको.

शिवाय घरातलं खाणंही बदललंय. पूर्वी आमचं ज्वारीचं दळण आठवड्याला चार किलोवर आलं होतं. धिरडी सुरू झाल्यापासून ते आठ-नऊ किलो झालं. थापणारी माणसं तेवढीच आहेत, खाणारी वाढली. मुलगा स्वतः सकाळी चार धिरडी खाऊन डेअरीला जातो. पेरणीबाबत मात्र तो अजून पूर्ण राजी झालेला नाही. यंदा दोन एकर ठेवलेत, पुढचं पुढं.

जातीबद्दल नेहमी विचारणा होते. धिरड्याला मालदांडी 35-1 चा मोत्यासारखा दाणा मला सगळ्यात गोड लागतो. ही आपल्याच जिल्ह्यात मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली जात. भारी जमिनीला राहुरी विद्यापीठाची फुले वसुधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, हलक्या जमिनीला फुले अनुराधा. पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, एकरी चार किलो बी, आणि काणी येऊ नये म्हणून किलोला चार ग्रॅम 300 मेश गंधक चोळायला विसरू नका.

खरिपाची ज्वारी पावसात सापडून काळी पडली असेल तर ती धिरड्यात खपवू नका. ताक-मिरचीत चव झाकते, पण बुरशी पोटात जाते. तशी ज्वारी घरात घेऊच नका.

या पानावर कृषी खात्याची आणि विद्यापीठाची बरीच मंडळी आहेत, त्यांना एक विनंती. हुरड्यासाठी फुले मधुर आली, लाह्यांसाठी फुले पंचमी आली. नवीन वाण बघताना भाकरीची प्रत तुम्ही तपासताच. तसं एकदा पीठ भिजवून तव्यावरही सोडून बघा. कुठला दाणा आंबवायला चांगला, कुठलं पीठ तव्याला कमी चिकटतं, हे कळलं तर भाकरी न येणाऱ्या घरातही ज्वारी जाईल. ज्वारीला गिऱ्हाईक वाढवायचं तर असल्या घरांपासून सुरुवात करावी लागेल.

बाकी शेतकरी मित्रांनी आपापल्या घरचं माप खाली लिहा. हुलग्याचं, मुगाचं, बाजरीचं, काहीही चालेल. आणि घरातल्या पोरांनाही एक धिरडं घालायला लावा. पहिलं बिघडतंच, ते कुत्र्याला. दुसऱ्यापासून जमतं.

वळसंग, ता. दक्षिण सोलापूर